ब्रेकमधली माणसं

तिने बटण दाबलं आणि अख्खा बर्फाचा डोंगर पडद्यावरून नाहीसा झाला. त्याच्या जागी दात घासणारं एक हसरं कुटुंब आलं. मोठ्या पडद्यावर ते कुटुंब चुळा भरत होतं तेवढ्यात तिने मान डावीकडे वळवली. तिथे एक लहानसा मॉनिटर होता आणि त्याच्यावर डोंगर अजून जागच्या जागी होता.

डोंगरावरून येणारं चित्र कधीच थांबत नसे. एकच चित्र साऱ्या जगाला जायचं आणि ज्या त्या वाहिनीने त्यावर आपापल्या भाषेतली बडबड आणि आपापल्या जाहिराती चढवायच्या, अशी पद्धत होती. बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायची शर्यत चालू असताना जाहिरात लावली तर लोक शिव्या घालतात. म्हणून एखादा स्पर्धक आपटला, वळणावर रोवलेल्या फाटकाची दांडी मोडली, बर्फ उखडला आणि शर्यत घटकाभर थांबली, की तिने बटण दाबायचं. शर्यत थांबली की नेमकी तेव्हाच ती माणसं उतारावर यायची. निळ्या कोटातली, हेल्मेट आणि गॉगल चढवलेली, हातात लांब दांड्याची दाताळी घेऊन उखडलेला बर्फ सारखा करणारी. घरोघरी टीव्ही बघत बसलेल्यांना ती कधी दिसायचीच नाहीत. ती दिसायची फक्त कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्यांना, आणि तिथे चहा सोडून त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

त्या माणसांत तिचा धाकटा भाऊ होता.

फोनवर त्याने एवढंच सांगितलं होतं, "ताई, बर्फ सारखा करणाऱ्यांत असतो मी. मोठ्या शर्यती असतील तिथे आमची टोळी जाते." त्यातला तू कोणता, हे तिने विचारलं नव्हतं. सख्ख्या भावाला ओळखायला विचारावं लागतं का? पहिल्याच आठवड्यात तिने त्याला हुडकून काढलं. सगळ्यांपासून लांब, कुंपणाच्या जाळीशी उभा राहणारा, कोणाशी न बोलणारा, आणि डावा खांदा बोटभर उतरलेला. धाकट्याचा खांदा जन्मापासून तसाच होता. शाळेत असताना दप्तर त्याच्यावर कधी टिकलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येक ब्रेकमध्ये मान डावीकडे वळवायची.

आजही तो दाताळ्यावर रेलून खाली दरीकडे बघत उभा होता. तोंड दिसत नव्हतं, पण त्या उभं राहण्यातच तिला सगळं कळायचं. हा कंटाळलाय. ह्याला घरची आठवण येते आहे. कोणी नुसतं 'ये' म्हटलं तरी हा येईल. असं वाटतंय तोवर हेडफोनमधून साहेबांचा आवाज यायचा.

"चला, दहा सेकंद. आत घ्या."

तिने दुसरं बटण दाबलं. शर्यत पुन्हा सुरू झाली आणि निळे कोट जाळीपलीकडे गेले.

घरी बाबांना ह्यातलं काही सरळ सांगायची सोय नव्हती. बाबा शिंपी होते आणि सुईइतकेच सरळ आणि टोकदार होते. धाकट्याला त्यांनी हाताखाली घेतलं, काजं करण्यापासून कोट कापण्यापर्यंत सगळं शिकवलं. शिकून तयार झाल्यावर गडी म्हणाला, मला थंड देशात हॉटेलात नोकरी लागली आहे. बाप तसा बेटा, तेव्हा त्या दिवशी जे व्हायचं ते झालं. "जायचं तर जा, पण परत तोंड दाखवू नकोस," असं बाबा म्हणाले. जन्मात बापाचं काही न ऐकलेल्या त्या मुलाने तेवढं एक मात्र ऐकलं. ह्याला चार वर्षं झाली. हॉटेल सुटलं, डोंगरावरचं काम लागलं, पण बापलेकांत शब्द नाही. तिने एकदा मोबाइलवरचा फोटो पुढे केला, तर बाबा सुईत दोरा ओवू लागले. मग तिने त्याचा एक फोटो विसरल्यासारखा करून टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्या फोटोवर पाण्याचा पेला होता.

शेवटी लेकी बोले सुने लागे, हा मार्ग उरला. जेवता जेवता ती आईला म्हणाली, "धाकटा त्या बर्फावरच्या शर्यतींत कामाला असतो म्हणे. आमच्या चॅनलवर लागतात त्या. शर्यत थांबली की येतात ते लोक."

बाबा पाणी प्यायले आणि उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानाचं दार ओढून घेऊन घरी आले. खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं म्हणत ज्यांनी आयुष्य काढलं, ते टीव्हीसमोर बसून बर्फावरच्या शर्यती बघू लागले. मोसम संपत आला तोवर त्यांना स्पर्धकांची नावं तोंडपाठ झाली होती आणि कोण वळणावर कच्चा आहे हेही ते सांगू शकत.

"एवढं काय असतं हो त्यात?" आईने एकदा विचारलं.

"वेग बघण्यासारखा असतो," बाबा म्हणाले.

फोटो कोणीतरी दाखवावा लागतो, आणि बघितला की बघणारा हरला. टीव्हीचं तसं नाही. तिथे आपण शर्यत बघत असतो, मध्ये कोणी दिसलंच तर त्याला आपण काय करणार? हा हिशेब तिला पक्का कळला होता, कारण हट्टाच्या बाबतीत तीही त्याच झाडाचं फळ. पण घोडं अडत होतं ते जाहिरातीपाशी. सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून तिने ते पाहिलं होतं. शर्यत थांबायची, बाबा सावरून बसायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे, आणि तो परत डोळ्यांवर येईपर्यंत दात घासणारं कुटुंब हजर. बापलेकांच्या मध्ये एक बटण होतं आणि ते दाबायचा पगार ती घेत होती.

शेवटच्या दिवशी सकाळी ती डबा भरत होती. आई हळू आवाजात म्हणाली, "आज संपतं ना ते?"

"हो. मोसमातली शेवटची शर्यत."

"मग उद्यापासून हे काय बघणार?" आणि मग आणखी हळू, "काल दिसला का गं?"

"दिसला. कडेलाच उभा होता."

"कोणाशी बोलतो तरी का?"

"नाही गं. एकटाच असतो."

आईने डब्याचं झाकण लावलं, ते वाकडं बसलं, म्हणून काढून परत लावलं. पलीकडच्या खोलीत बाबा मापाची टेप गुंडाळत होते. टेप गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुपारी शर्यत सुरू झाली. आपल्या भाषेत बोलणारा समालोचक शेजारच्या काचेच्या खोलीत बसायचा. त्याला सगळे धबधबा म्हणत, कारण एकदा सुरू झाला की तो थांबत नसे. बर्फ त्याने फक्त सरबतात पाहिला होता, पण त्याचं बोलणं ऐकून वाटावं की ह्याचा जन्मच हिमकड्यावर झाला आहे. ब्रेक लागला रे लागला की तो कान मोकळे करून चहाला पळायचा.

शर्यत अर्ध्यावर आली होती. एक स्पर्धक वळणावर घसरला, दोन फाटकं घेऊन जाळीत गेला आणि उठून हात हलवून निघून गेला. बर्फाचा मोठा पट्टा उखडला. शर्यत थांबली. काचेपलीकडे धबधब्याने हेडफोन काढून ठेवला आणि तो दाराबाहेर पडला.

तिचं बोट बटणावर होतं. तिने ते उचललं, मग सगळा हातच उचलला आणि मांडीवर ठेवला.

उतारावर निळे कोट आले. ह्या वेळी ते एकट्या लहान मॉनिटरवर नव्हते, मोठ्या पडद्यावरही होते. म्हणजे घराघरांत होते. बोलणारं कोणी नसल्यामुळे फक्त तिथला आवाज येत होता. वारा, दाताळ्यांची खरखर, कोणाचं तरी खोकणं.

"ब्रेक कुठाय?" हेडफोनमध्ये साहेब ओरडले. "अहो, ब्रेक!"

ती कॅमेऱ्याची वाट बघत होती. कडेला, जाळीशी तो उभा होता, नेहमीसारखा, खांदा उतरलेला. वळ रे, ती मनात म्हणाली, कॅमेरा त्याच्याकडे वळव. पण तिकडच्या कॅमेरावाल्याला भलतंच काहीतरी आवडलं होतं. मधोमध एक जण दाताळं ओढता ओढता काहीतरी बोलला, कुठल्याशा परक्या भाषेत, आणि त्याच्या भोवतीचे चौघे हसायला लागले. एक तर इतका हसला की पाय घसरून बर्फात बसला. बोलणाऱ्याने त्याला हात देऊन उठवलं, उठवता उठवता आणखी काही म्हणाला, आणि पुन्हा हशा. कॅमेरा त्या विदूषकाच्या जवळ जवळ जात राहिला. गॉगल, हेल्मेट, वाफेसारखा निघणारा श्वास, निळा कोट, एवढंच त्यात होतं, आणि ते संपेना. जाळीशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला जेमतेम एक क्षण आला, तोही पाठमोरा.

मग शिट्टी वाजली आणि निळे कोट बाजूला झाले. धबधबा हातात कप घेऊन परत आला, पडद्याकडे बघून जागीच थिजला आणि झेप घेऊन हेडफोन चढवता चढवता चहा स्वतःवर सांडून बसला.

साहेबांनी नंतर तिला समोर उभं केलं.

"बटण अडकलं का?"

"नाही साहेब. मीच दाबलं नाही. चुकलं."

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत ती चुकली नव्हती. "लेखी द्यावं लागेल," ते म्हणाले. मग कागद पुढे सरकवत, "तीन प्रेक्षकांचे फोन आले. दोघांनी विचारलं, आवाज गेलाय का. तिसरा म्हणाला, असाच असू द्या."

तिला हसू आलं नाही. घरी जाताना बसमध्ये तिला स्वतःचाच राग येत होता. नोकरीवर संकट ओढवून घेतलं, वर्षाची शेवटची संधी वापरली, आणि काय दाखवलं बाबांना? चार फुकट्यांची थट्टामस्करी. पुढच्या मोसमापर्यंत कोण कुठे असेल? बाबांचे डोळे कसे असतील?

दार आईने उघडलं. टीव्ही बंद होता.

"दुकानात गेलेत," आई म्हणाली. "आज बंदचा वार, तरी गेलेत. मी स्वयंपाकघरात होते गं. जाहिरातीचा आवाज येईना म्हणून डोकावले, तर हे खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी समोर उभे. नाक टेकेल इतके. मला म्हणाले, आड येऊ नकोस. मी कुठे आड येत होते? मी दारात होते."

"मग?"

"मग शर्यत सुरू झाली, तर ह्यांनी टीव्हीच बंद केला. कोण जिंकलं तेही बघितलं नाही."

ती तशीच दुकानाकडे निघाली. दार अर्धं उघडं होतं. आत दिवा लावलेला होता, आणि बाबा कापायच्या टेबलाशी रिकाम्या हाताने उभे होते. कापड नाही, कात्री नाही. तिला बघून त्यांनी उगाच खडू उचलला.

"शर्यत बघितलीत?" तिने विचारलं.

"हं." खडू खाली ठेवला. "आज जाहिरात लागली नाही."

"माझ्याकडून राहिली."

"असं. बरी राहिली."

मग बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "हसवत होता सगळ्यांना. घरात असताना कधी चार शब्द सलग बोलला नाही माझ्याशी. तिथे परक्या भाषेत माणसं लोळवतोय."

तिला काही क्षण उमगलंच नाही. "कोण?"

"कोण म्हणजे?"

"बाबा, तो मधला? तो नव्हे आपला. आपला तो कडेला होता, जाळीशी. एकटा उभा होता तो. तुम्हाला दिसला नाही का, डावा खांदा उतरलेला?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने सुई उलट्या बाजूने धरली आहे.

"माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा," ते म्हणाले, "खांदा उतरलेला कोट घालेल?"

"सगळ्यांचे कोट एका मापाचे. गोण्या चढवल्यासारखे. एकाच माणसाच्या अंगावर सरळ बसला होता. का बसला? डावीकडची शिवण उसवून आत भर घातली आहे आणि परत टाचली आहे. खांद्याची शिवण बोटभर पुढे आलीय, ती दिसते ना. आयुष्यभर त्याच्या प्रत्येक शर्टाला मी तेच केलंय. तो कडेचा कोणी दुसरा असेल. त्या बिचाऱ्याला कोणी भर घालून दिली नाही."

ती स्टुलावर बसली. संबंध मोसमभर ती एका परक्या माणसासाठी गलबलत होती. त्याच्या पाठीकडे बघून तिने आईला सांगितलं होतं की तो एकटा असतो, आणि आईला रात्रंदिवस त्याचा घोर लागला होता. धाकटा मात्र दर वेळी तिच्या डोळ्यांदेखत मधोमध उभा राहून लोकांना हसवत होता, आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हसणारा आपला असेल हे तिच्या मनातच आलं नाही. तिला तो दुःखी हवा होता. दुःखी असता तर परत आला असता.

"विचारूनच बघते त्याला," ती म्हणाली, आणि तिने फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हां ताई! अगं, आत्ताच काम संपलं, सामान भरतोय," धाकटा म्हणाला. मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. "बोल ना."

तिने तोंड उघडलं, पण त्याआधी बाबा टेबलावर वाकले.

"डाव्या खांद्यात काय भरलंस?"

पलीकडे यंत्र घरघरत राहिलं. मग कोणीतरी दार लावल्यासारखा आवाज झाला आणि घरघर थांबली.

"पायमोजा," धाकट्याचा आवाज आला. मग घाईघाईने, "जुना. लोकरीचा. धुतलेला होता, बाबा."

"पायमोजा!" बाबांनी दुकानातल्या रिकाम्या भिंतींना साक्षीला घेतल्यासारखं आजूबाजूला बघितलं. "एका धुण्यात गोळा होईल त्याचा."

"झालाय." तो हसल्यासारखा वाटला, पण आवाज ओला होता. "मग काय करू?"

बाबांनी तिला हाताने उठवलं आणि तिच्या स्टुलावर स्वतः बसले. फोन त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढला. "आधी शिवण उसव. घाई करू नकोस. कापड जाड आहे का तिथलं? कसलं आहे, सांग बघू."

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. आतून बाबांचा आवाज येत होता, अस्तराविषयी, टाक्यांच्या लांबीविषयी, आणि मधूनमधून तिकडचा आवाज 'हो बाबा' म्हणत होता. आईला बोलवायला हवं होतं. उठते, असं ती मनाशी म्हणाली, आणि तरी बसून राहिली.

जाळीशी उभा राहणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता. तोही आत्ता सामान भरत असेल. आज क्षणभर का होईना, तो पडद्यावर आला होता, पण तो फक्त इथल्या चॅनलवर. त्याच्या घरच्यांना त्या वेळी जाहिरात दिसली असेल.